माईक खाली केलात, त्याबद्दल

प्रिय ताई,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण माझ्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते भर सभेत, लाउडस्पीकरवरून बोललं गेलं. तुम्ही कवितांच्या कार्यक्रमात माझ्यासाठी माईक खाली केलात ते मात्र इतकं गुपचूप, की त्या संध्याकाळी समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आलं नसेल. हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून आभार चारचौघांत मानते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे.

माझा आजार तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत नसेल. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर एक वेष्टण असतं, त्याच्यावर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते. माझा प्रकार चढउताराचा. अटॅक आला की पाय जड होतात, बोटं बधिर होतात, एका डोळ्यापुढे धुकं येतं. मग सूज ओसरते आणि गेलेलं बरंचसं परत येतं. काही काळ मी जवळजवळ पूर्वीसारखी असते आणि नंतर पुन्हा तेच सुरू होतं. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार सुरुवातीला असाच वागतो. तो मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. अटॅक कमी करणारी औषधं आहेत आणि ती नेमाने घ्यावी लागतात.

एवढं सांगणं भाग होतं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अशाच एका अटॅकमधून सावरत असताना मला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, नेण्यात आलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, 'ऊठ आणि चाल' म्हणून सांगितलं, आणि मी उठून चालले. पायांत जोर परत येतच होता. देवावर माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. मला पुढे उभं करून साक्ष द्यायला लावली. लोक रडले, हालेलूयाचा गजर झाला. पुढे ती साक्ष माझ्या नावाने आणखी कुठेकुठे सांगितली गेली, मला न विचारता.

मग पुढचा अटॅक आला.

त्या वेळी 'काय होतंय तुला?' असं कुणी विचारलं नाही. 'काय केलंस तू?' असं विचारलं. मनात कुणाबद्दल कटुता ठेवली आहेस का? घरात काही लपवलेलं पाप आहे का? दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला वेळेवर देतेस का? गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं तोंडावर ऐकवलं. पुन्हा सभेला नेलं. मांडव गच्च भरलेला, हवेला वाट नाही. या आजारात शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं तरी दुखावलेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाहीत, पाय लटपटतात, नजर अंधूक होते. हे डॉक्टरांनी मला आधीच समजावून सांगितलं होतं. पण माझे पाय लटपटताना पाहून एक जण म्हणाला की आत्म्याचा स्पर्श होतो आहे, आणि मी खाली बसले तेव्हा तोच म्हणाला की हिच्यात दुसरंच काही आहे. मला हवं होतं पाणी आणि वारा. ते शेवटी मांडवाबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दिलं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

प्रार्थनेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, ताई. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या मंडळीतल्या काही जणी आजही दर आठवड्याला घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना करतात, भांडी घासून देतात आणि जातात. त्यांच्या प्रार्थनेने मला बळ मिळतं. माझा राग आहे तो आजाऱ्याच्या विश्वासाचं माप काढणाऱ्यांवर.

कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट तुम्ही आमच्या कविता लिहिण्याच्या गटात वाचायला घेतलीत तेव्हा मला पहिल्यांदा या रागाचा नीट आधार सापडला. मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. चौघे त्याला उचलून आणतात, दारातून आत जायला वाट नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. पुढे लिहिलं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. 'त्यांचा' हा शब्द वाचताना तुम्ही थांबलात आणि आमच्याकडे पाहिलंत, एवढंच. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती आणि कसा, याबद्दल त्या ओळीत काहीच नाही. ज्यांनी ओझं खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्याच्या घराचं छप्पर मोडण्याची लाज बाळगली नाही, त्यांचा विश्वास दिसला. मी रविवारच्या शाळेपासून ही गोष्ट ऐकत आले. माझ्याकडे बोट दाखवणाऱ्यांनीही ती ऐकली असणार, किंबहुना शिकवली असणार. त्यांच्यापैकी कुणी माझ्या बाजेचा एक कोपरा कधी धरला होता?

तुमच्या गटात मी आले ती बहिणीच्या आग्रहाखातर. स्पोकन वर्ड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मंचावर उभं राहून, हातवारे करत, ठेक्यात कविता म्हणणं, तेही देवाबद्दल, हे आमच्या मंडळीतल्या काही जणांना मुळीच पटलं नव्हतं. बाहेरून आलेली फॅशन आहे, उपासनेत हिचं काय काम, असं मंडळीच्या एका वडिलांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, बायबलमधली स्तोत्रं ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. प्रेषित पौलाची पत्रंसुद्धा मंडळीपुढे मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच होती, थेस्सलनीकाकरांना तर त्याने तसं बजावून सांगितलं आहे. आणि आपल्या मराठीत तर हे फार जुनं आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ओवी निवडली कारण ती म्हणायची असते, ऐकायची असते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतरही अभंग, भजन, कीर्तन सोडलं नाही, उलट तेच ख्रिस्ताच्या चरणी वाहिलं. त्यांची गीतं तुम्ही दर रविवारी गाता, वडील, मग माझ्या कवितेने काय बिघडणार आहे? ते वडील पुढच्या वेळी येऊन मागच्या बाकावर बसले. आणखी काही आठवड्यांनी त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचलं, त्यांच्या गेलेल्या मुलाबद्दल. त्यांचं दुःख त्यांचं आहे, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

तुम्ही आम्हाला लिहायला लावलंत ते विलापापासून. स्तुती नंतर, आधी तक्रार. मला हे धाडसाचं वाटलं होतं. पण तुम्ही १३ वं, २२ वं अशी स्तोत्रं एकामागून एक उघडून दाखवलीत. दीडशे स्तोत्रांमधली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विलापाची आहेत, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही न जोडता. कुणीतरी ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलं, पुसलं नाही. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाबद्दल तुम्ही सांगितलंत तेही मी विसरलेले नाही. पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचले आहेत, म्हणजे यरुशलेम उद्ध्वस्त झालेलं पाहून कवी रडतो आहे आणि तरी एकेक अक्षर धरून पुढे जातो आहे. पाचव्या अध्यायात वचनांची संख्या मुळाक्षरांइतकीच, बावीस, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. क्रम का सुटला ते तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. घरी जाऊन पुन्हा वाचा म्हणालात.

मी वाचलं. त्या रात्री मी सभेबद्दल, साक्षीबद्दल, लटपटणाऱ्या पायांबद्दल लिहायला बसले आणि हात बधिर असूनही थांबले नाही.

गटातला तुमचा एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणाचं वाचून झालं की सल्ला द्यायचा नाही आणि बायबलचं वचन फेकून मारायचं नाही. फार झालं तर जवळ जाऊन बसायचं. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर ते चांगले मित्र होते, हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. हा नियम पाळणं लोकांना किती जड जातं हे मी पाहिलं. बोलायला तोंड उघडायचं आणि मिटायचं. हळूहळू जमलं. बाहेर एकमेकांशी धड न बोलणारी माणसं त्या खोलीत एकमेकांचं ऐकून घ्यायला लागली. नवरा गेलेली एक बहीण मला म्हणाली की तिच्या घरात वर्षभर माणसांची रीघ होती, पण तिचं ऐकून घेतलं गेलं ते इथेच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

तो कार्यक्रम. गटातले आम्ही सगळे एकेक कविता म्हणणार होतो आणि शेवटी तुम्ही. माझा अटॅक ओसरला होता, पण उजवा पाय अजून नीट उचलत नव्हता. काठी होती. उभं राहूनच म्हणायचं असं मी ठरवलं होतं. माईकचा स्टँड एका हाताने धरायचा, म्हणजे तोल जाणार नाही आणि कुणाला दिसणारही नाही. याआधी मला माईकपुढे नेलं गेलं होतं ते दोन बाजूंनी दोघांनी दंड धरून. लोकांनी माझी कीव करावी किंवा माझ्यात चमत्कार शोधावा, दोन्ही मला आता नको होतं.

माझ्या आधीच्या मुलाचं म्हणून झालं, टाळ्या वाजत होत्या. त्या टाळ्यांमध्येच तुम्ही मंचावर गेलात. स्टँडचा पेच सैल केलात, दांडा खाली सरकवलात आणि पुन्हा घट्ट केलात. बाजूची खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवलीत. मग स्वतः त्या खुर्चीवर बसलात, तोंड माईकच्या उंचीला येतं का ते पाहिलंत, आवाज नीट जातो का ते बघायला 'हॅलो, हॅलो' म्हणालात, दांडा आणखी किंचित वाकवलात आणि उठून बाजूला झालात. तुमची उंची आणि माझी साधारण सारखीच. हे सगळं मिनिटभरात झालं. मला तुम्ही बोलावलं नाहीत, हात दिला नाहीत, 'आपल्या एका आजारी भगिनी' वगैरे काही म्हणाला नाहीत. सूत्रसंचालन करणारे भाऊ तसं काहीतरी म्हणायला पुढे आले होते, तर तुम्ही त्यांना कानात काहीतरी सांगून मागे नेलंत. त्यांनी फक्त माझं नाव घेतलं.

मी काठी टेकत गेले, बसले आणि कविता म्हटली. आवाज कापला नाही, कारण पायांचं भान ठेवावं लागलं नाही. किती दिवसांनी मी लोकांपुढे बोलत होते आणि माझं सगळं लक्ष माझ्या शब्दांवर होतं.

पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. माझं झालं आणि तुम्ही स्टँड वर केला नाहीत. खुर्ची तिथेच राहू दिलीत. पुढचा एक उंच तरुण आला, त्याने स्टँडकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि बसला. त्याच्या नंतरची मुलगी बसली. मग ते वडील बसले. एकामागून एक सगळे त्या खुर्चीवर बसून म्हणत गेले. त्यामुळे बसून म्हणणारी मी एकटी राहिले नाही. त्या संध्याकाळी आमची कविता म्हणायची तशीच असते, असं झालं.

शेवटी तुम्ही. तुम्हाला ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे की तुम्ही मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरता, पाय आपटून ठेका धरता, हात वर नेऊन ओळ सोडता. तुमची अर्धी कविता तुमच्या चालण्यात असते. त्या दिवशी तुम्ही बसून म्हटलंत. जुन्या करारातला याकोब रात्रभर देवदूताशी झुंजला आणि पहाटे आशीर्वाद घेऊन लंगडत निघाला, त्यावरची ती लांब कविता. पाय एकमेकांवर ठेवलेले, हात मांडीवर. लंगडणं पुसून न टाकणारा आशीर्वाद, असं काहीसं तुम्ही म्हणत होतात आणि माझ्या शेजारची बहीण हुंदके देत होती. तुमचा आवाज एरवीपेक्षा खालच्या पट्टीत होता, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचत होता.

नंतर मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला बसून म्हणावं लागलं, तुमच्या कवितेचं नुकसान झालं. तुम्ही पिशवीत वह्या भरत होतात. म्हणालात, "लूकचा चौथा अध्याय बघा. नासरेथच्या सभास्थानात येशू वाचायला उभा राहिला, मग ग्रंथपट गुंडाळून परत दिला आणि खाली बसला. बोलला ते बसल्यावर." आणि लगेच विचारलंत, "रात्रीची गोळी घ्यायची असेल ना? काही खाल्लंत का?"

माझ्या आजारपणात माझ्यावर इतकी वचनं फेकली गेली. माझ्यासाठी खुर्ची ठेवून मग दिलेलं हे पहिलंच वचन. त्याच दमात गोळीची आठवण करणारी विश्वासातली माणसंही मला फार थोडी भेटली. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत कुणी करेल? मग मंडळीतल्या साध्या बाईला हे इतक्या सहज कसं म्हटलं जातं?

मी बरी झालेली नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर कुणीतरी या पत्राचीसुद्धा साक्ष करेल. परवाच्या तपासणीत नवा डाग दिसला आणि डॉक्टर औषध बदलणार आहेत. पण मला आता उपासनेला जायची भीती वाटत नाही. मला तिथे आजाराचा हिशेब द्यावा लागत नाही. देवाशी मी पुन्हा बोलते, कधी भांडते, आणि ते लिहिते. सभेतल्या त्या गजरानंतर माझी प्रार्थना आटली होती. ती परत आली आहे. यालाही आरोग्य मिळणं म्हणत असतील तर ते मला तुमच्या गटात मिळालं.

तुम्ही काही मोठं केलं नाही असं तुम्ही म्हणाल. पेच सैल करून दांडा खाली घेतला, एवढंच. पण ताई, त्याआधी कितीतरी जणांना ते करता आलं असतं. सभेत शेकडो माणसं होती, त्यांतली कित्येक देवभीरू, प्रार्थनाशील, उपास करणारी. मी लटपटत असताना खुर्ची आणावी हे कुणाला सुचलं नाही, कारण सगळे चमत्काराची वाट पाहत होते. समोरच्याला आत्ता काय लागेल ते पाहणं, ते गाजावाजा न करता करणं आणि त्याला ओशाळं वाटू नये म्हणून आपणही तसंच वागणं, हे ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मांडवाबाहेर पाणी देणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई तशा होत्या. भांडी घासून जाणाऱ्या आमच्या बहिणी तशा आहेत. ही माणसं कुठल्याही मंडळीत, कुठल्याही धर्मात असतात, आणि त्यांच्याविषयी मंचावरून कुणी काही बोलत नाही. म्हणून मी बोलते आहे.

गटाची पुढची भेट ठरली आहे. ते वडील आता नव्या लोकांना नियम समजावून सांगतात, आणि फार कडकपणे सांगतात, हे तुम्हाला ऐकून आवडेल. मी बाज उचलणाऱ्या चौघांवर कविता लिहिली आहे, त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून, ज्याला छप्पर मोडताना घरमालकाची भीती वाटते आणि दोर हातातून निसटतो आहे असं वाटतं. मधलं कडवं अजून म्हणताना अडखळतं. सोबत पाठवते. मोठ्याने म्हणून बघा आणि जिथे कानाला खटकेल तिथे पेन्सिलीने खूण करून परत पाठवा, माझ्या तब्येतीकडे बघून सौम्य होऊ नका. आणि भेटीला यायला जमेल का ते कळवा.

तुमची ऋणी,
मंडळीतली तुमची बहीण